छापा, सरदार आणि उशिरा पोहोचलेली कुमक

आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून काही ज्येष्ठ मंडळी मघाशी मला विचारत होती, सर, हे रेड-बिड काय काढलंत मध्येच? आपली व्याख्यानमाला इतिहासाची. विषय इतिहासाचाच आहे, फक्त तो माझ्याकडे आला मोबाईलच्या वाटेनं. कसा आला ते आधी सांगतो.

माझा एक भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीत परभणीला येतो आणि रात्री अकरा वाजल्यापासून कानाला हेडफोन लावून ओरडत बसतो. ‘मागं सर, मागं सर! बरा कर त्याला! अरे, कोण पुढं गेलं?’ शेजारच्यांना वाटतं घरात भांडण चाललंय. प्रकरण असं की, तो एका ऑनलाइन खेळात वीस जणांच्या तुकडीचा प्रमुख आहे. कोणी नाशिकचा, कोणी बंगळुरूचा, एक जण दुबईत नोकरीला. हे वीस जण ठरल्या वेळी जमतात, एका भल्यामोठ्या राक्षसावर चाल करून जातात आणि बहुतेक वेळा सगळेच्या सगळे मरतात. मग पुन्हा जिवंत होऊन पुन्हा जातात. याला म्हणतात रेड.

यंदाच्या दिवाळीत तो गप्प होता. विचारलं तर म्हणाला, ‘मामा, टीम फुटली.’ झालं असं होतं की, जखमींना बरं करण्याचं काम ज्याच्याकडे होतं, तो पोरगा आपल्याच जिल्ह्यातला, जिंतूरकडचा. त्या रात्री गावात लाइट गेली आणि तो वीस मिनिटं उशिरा आला. तोपर्यंत सगळे मेले होते. भाच्यानं त्याला सगळ्यांसमोर नको ते बोलून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी तिघं गेले. भाचा मला म्हणाला, ‘मामा, तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हीच सांगा चूक कोणाची. वेळेवर यायला नको का?’

मी त्याला म्हणलं, याच्यावर मला एक अख्खं व्याख्यान द्यावं लागेल. ते हे व्याख्यान.

खेळाबद्दल थोडं बोलून पुढं जातो, कारण समोर बसलेल्या पोरांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९९९ साली ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा खेळ आला. त्यात काही ड्रॅगन असे होते की, एकट्यादुकट्याच्या हाती लागणं शक्य नाही, मोठा जमाव घेऊनच जावं लागे. मग २००४च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला आणि त्यातल्या ‘मोल्टन कोअर’ नावाच्या गुहेत चाळीस जण एकत्र जाऊ लागले. कामाची वाटणी ठरलेली. एक-दोघांनी पुढं उभं राहून मार खायचा, काहींनी त्यांना जिवंत ठेवायचं, बाकीच्यांनी मारत राहायचं. गंमत बघा, यातला कोणताही खेळाडू पगारी नाही, कोणावर कोणाची सत्ता नाही, आणि तरीही चाळीस अनोळखी माणसांना एका आवाजावर हलवायचं. हे नेतृत्व सोपं नाही. मी आधी हसत होतो, आता हसत नाही.

आपल्याकडे याला शब्द आहे छापा. छापा म्हणजे लढाई नव्हे. लढाईत समोरच्यालाही माहीत असतं की आज लढायचं आहे. छाप्यात थोडी माणसं, ठरलेला वेळ, ठरलेली वाट, आणि मुख्य म्हणजे परत यायचं. शत्रूचं घर आपल्याला घ्यायचं नसतं, किंवा घ्यायचं असलं तरी दारात तोफा लावून नाही. अशा कामात सरदाराची परीक्षा कशी होते, हे बघायला मी एकच जागा निवडली आहे. पन्हाळा. कारण या एका किल्ल्यावर एकाच राज्यानं सात वर्षांच्या अंतरानं दोनदा रात्री चाल केली. एकदा सपशेल हरले आणि एकदा जिंकले. पोरांच्या भाषेत सांगायचं तर तोच बॉस, दोन प्रयत्न.

पहिला प्रयत्न १६ जानेवारी १६६६. काळ लक्षात घ्या. जून १६६५मध्ये पुरंदरचा तह झालेला. तेवीस किल्ले गेलेले. महाराज मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापूरच्या मोहिमेवर होते, म्हणजे मोगलांच्या बाजूनं आदिलशाहीविरुद्ध. मोहीम बिघडत चालली होती. जयसिंगानं महाराजांना पन्हाळ्याकडे पाठवलं. महाराजांना हा किल्ला नवा होता का? मुळीच नाही. अफजलखानाच्या वधानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १६५९मध्ये, त्यांनी तो घेतला होता. सिद्दी जौहरच्या वेढ्यात महिनोन्‌महिने ते त्याच किल्ल्यावर होते. पावसाळ्यातल्या त्या रात्री निसटून विशाळगडाला गेले, ते आपण सगळे शाळेत शिकलो. म्हणजे किल्ल्याची वाट न् वाट ठाऊक. पहाट होण्याच्या कितीतरी आधी हल्ला झाला. पण किल्ल्यातले लोक जागे होते. छाप्याचं सगळं भांडवल असतं समोरच्याचं बेसावध असणं, आणि तेच नव्हतं. साधारण हजार माणूस मेलेलं नाहीतर जखमी. सूर्य उगवल्यावर चित्र स्पष्ट झालं तेव्हा महाराजांनी हल्ला थांबवला आणि विशाळगडाकडे माघार घेतली.

इथं थोडं थांबू. शिवचरित्राच्या लोकप्रिय पुस्तकांत हे पान बहुतेक वेळा भरकन उलटलं जातं. हजार माणूस हा त्या काळच्या स्वराज्याला लहान आकडा नव्हता. मला तर वाटतं, हा प्रसंग झाकून ठेवल्यानं आपण महाराजांना मोठं करत नाही, उलट त्यांनी पुढच्या सात वर्षांत काय बदललं हे आपल्याला दिसतच नाही.

आणि आता येतो नेताजी पालकर. स्वराज्याचा सरनोबत, लोक त्याला प्रतिशिवाजी म्हणायचे. कृष्णाजी अनंत सभासद सांगतो की, नेताजी वेळेवर पोहोचला नाही म्हणून महाराजांनी त्याला जाब विचारला आणि सरनोबतीवरून दूर केलं. सभासदानं बखर १६९७ साली जिंजीला बसून लिहिली, प्रसंगांचा क्रम त्यानं पुढंमागं केलेला आहे, पण इतिहासकार हा प्रसंग १६६६च्या पन्हाळ्याशीच जोडतात. का उशीर झाला? सभासदाला त्यात रस नाही. नेताजी रागानं थेट आदिलशाहीत गेला. दोन महिन्यांत जयसिंगानं त्याला पाच हजारांची मनसब देऊन मोगलांकडे ओढून घेतला. ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले, तेव्हा औरंगजेबानं नेताजीला कैद करून उत्तरेत नेलं, मुसलमान केलं, मुहम्मद कुलीखान असं नाव दिलं आणि पार काबूलकडच्या मोहिमांवर धाडलं.

एक रात्र, एक उशीर, एक जाब. आणि स्वराज्याचा सेनापती काबूलला. भाचा हे ऐकताना मोबाईल खाली ठेवून बसला होता.

सरनोबती रिकामी झाली, ती कोणाला मिळाली? कुडतोजी गुजर याला. महाराजांनी त्याला नाव दिलं प्रतापराव. हे नाव लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आता दुसरा प्रयत्न. ६ मार्च १६७३, फाल्गुन वद्य त्रयोदशीची रात्र. म्हणजे अंधार गडद. मधल्या काळात काय काय झालं होतं! आग्रा, परत आलेले किल्ले, दुसरी सुरत, साल्हेर. १६७२च्या नोव्हेंबरात विजापूरचा अली आदिलशहा वारला आणि तिथला कारभार डळमळला. ही वेळ हेरून पन्हाळ्याचं काम अण्णाजी दत्तो यांच्याकडे सोपवलं गेलं. या मोहिमेचं वर्णन जयराम पिंड्ये या कवीनं ‘पर्णालपर्वतग्रहणाख्यान’ या संस्कृत काव्यात केलं आहे. हा समकालीन माणूस आहे, म्हणून त्याच्या काव्याला किंमत.

कोंडाजी फर्जंद पुढं झाला. त्यानं माणसं किती मागितली? साठ. पहिल्या खेपेला हजार माणूस नुसतं पडलं होतं आणि आता हा म्हणतो साठ पुरेत. महाराजांनी मोहिमेला निघण्याआधीच त्याला सोन्याचं कडं दिलं. बघा, बक्षीस आधी. विश्वास टाकायचा तर असा.

रचना कशी होती? साठ माणसं वर चढणार. अण्णाजी दत्तो बाकीचं सैन्य घेऊन खाली रानात थांबणार, म्हणजे आता कुमक उशिरा येण्याचा प्रश्नच नाही, ती आधीच जागेवर आहे. मला या सगळ्या मोहिमेत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. १६६६ला जे चुकलं असं मानलं गेलं, ते १६७३ला कोणाला जाब विचारून दुरुस्त केलेलं नाही, आखणीतच दुरुस्त केलं आहे. कुमक येईल की नाही यावर छापा टांगून ठेवलाच नाही.

साठ जण अंधारात अवघड बाजूनं वर चढले. वर गेल्यावर वेगवेगळ्या ठिकाणांहून एकदम शिंगं फुंकली. झोपेतून उठलेल्या माणसाला चहूबाजूंनी शिंगं ऐकू आली तर तो काय समजेल? हजारो गनीम आत आला. गोंधळ उडाला. किल्लेदार लढायला उभा राहिला, तो मारला गेला. किल्ला हाती आला. महाराज स्वतः रायगडाहून किल्ला पाहायला आले.

आता कोणी म्हणेल, सर, साठ माणसांनी किल्ला घेतला हा चमत्कार. मला तसं वाटत नाही. साठ हा आकडा छोटा आहे म्हणूनच काम झालं. हजार माणसं रात्री कड्याच्या वाटेनं नेली तर दगड निसटणारच, कोणीतरी खोकणारच. साठ जण एकमेकांना नावानं ओळखत असतात. प्रमुखाचा हात वर झाला की शेवटच्या माणसाला दिसतो. माझा भाचा म्हणाला, ‘मामा, हे खरंय, चाळीसची टीम चालवणं म्हणजे शाळा चालवल्यासारखं आहे.’

याच्या आधीचा लाल महाल तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे तो सगळा सांगत नाही. ५ एप्रिल १६६३, रमजानचा महिना, शायिस्तेखान महाराजांच्याच जुन्या घरात उतरलेला, पहाऱ्यावर विचारलं तर बादशाही फौजेतलेच दक्खनी शिपाई असल्याची बतावणी, मग स्वयंपाकघराच्या बाजूनं भिंतीचं बुजवलेलं दार फोडून आत. खानाची बोटं तुटली, मुलगा अबुल फत्ह मारला गेला. मला आज त्यातली एकच बाजू दाखवायची आहे, ती जरा कमी सांगितली जाते. छाप्यानंतर महाराजांनी राजापूरच्या रावजी पंडिताला पत्र लिहिलं. ते मूळ पत्र नाही, पण राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या गिफर्डनं त्याच आठवड्यात, १२ एप्रिलला, त्याचा सारांश आपल्या वरिष्ठांना कळवला. त्यात काय आहे? चारशे निवडक माणसं नेली. शत्रूची हानी किती. आणि आपली हानी, सहा मेले आणि चाळीस जखमी. आपली माणसं मोजलेली आहेत. पण छावणीत शिरलो कसे? गिफर्ड म्हणतो, ती युक्ती राजानं पत्रात लिहिलेली नाही. म्हणजे स्वतःच्या माणसाला लिहितानासुद्धा युक्ती गुप्त, आणि जखमींचा आकडा उघड. आजकाल आपण नेमकं उलटं करतो. युक्तीचा व्हिडिओ टाकतो आणि नुकसान लपवतो.

जाता जाता एक. दहा हजार स्वारांनिशी जवळच असलेला जसवंतसिंग जागचा हलला नाही, हेही गिफर्डनं नोंदवलंय. दुसऱ्या दिवशी तो समाचाराला आला, तेव्हा खानानं त्याला टोमणा मारला की, शत्रू आत आला तेव्हा मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी लढून आधीच मेला असाल! खाफीखानाने दिलेली ही गोष्ट आहे. कुमकीचं दुखणं दोन्ही बाजूंना होतं तर.

आता प्रतापराव. पन्हाळा गेल्यामुळं चिडलेल्या विजापूरकरांनी बहलोलखानाला पाठवलं. एप्रिल १६७३मध्ये प्रतापरावानं त्याला उमराणीजवळ गाठलं आणि त्याचं पाणी तोडलं. एप्रिलमधलं ते ऊन, आपल्या मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. खान शरण आला आणि प्रतापरावानं त्याला जाऊ दिलं. महाराजांना हे पटलं नाही, त्यांनी खरमरीत विचारणा केली. सोडलेला खान पुन्हा आलाच. महाराजांचं म्हणणं असं की, त्याला बुडवल्याशिवाय आम्हाला तोंड दाखवू नका. २४ फेब्रुवारी १६७४, गडहिंग्लजजवळ नेसरी. प्रतापराव फक्त सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर धावून गेला आणि सातही जण मारले गेले. नारायण शेणवी हा इंग्रजांचा दुभाषी, त्याच्या त्याच वर्षीच्या पत्रात सहा स्वारांचा उल्लेख आहे, म्हणजे ही नंतरची दंतकथा नव्हे.

इथं भाच्यानं माझं डोकं फिरवलं होतं. तो म्हणाला, ‘मामा, म्हणजे प्रतापराव लिरॉय जेन्किन्स!’ तुम्हाला माहीत नसेल तर, २००५ साली ‘वॉरक्राफ्ट’चा एक व्हिडिओ जगभर गाजला. त्यात मंडळी कितीतरी वेळ आखणी करत बसलेली असतात, कोणी टक्केवारी काढतोय, आणि तेवढ्यात एक जण स्वतःचंच नाव ओरडत एकटा आत पळतो. बाकीचे त्याच्यामागं धावतात आणि सगळे मरतात. तो व्हिडिओ त्या खेळाडूंनी गमतीनं मुद्दाम रचलेला होता, पण नाव कायमचं झालं. मी भाच्याला झापलं. नेसरीच्या मातीत जीव गेलेल्या माणसाची तुलना कार्टूनशी करतोस? कुसुमाग्रजांची कविता आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे.

पण रात्री झोप लागेना. कारण प्रश्न चुकीचा नव्हता, उपमा चुकीची होती. फरक कुठं आहे बघा. लिरॉयच्या मागं सगळी तुकडी गेली आणि बुडाली. प्रतापरावामागं फौज गेली नाही. त्यानं फौज नेलीच नाही. रागाची, अपमानाची किंमत त्यानं स्वतः चुकवली, पण हजारो स्वारांना त्यात ओढलं नाही. सेनापती म्हणून तो त्या दिवशी चुकला, हे म्हणायला आपण घाबरू नये. सरदार पडला की फौज पांगते, हा त्या काळचा नियमच. पण फौज पांगली नाही. आनंदराव नावाच्या सरदारानं ती सावरली आणि महिन्याभरात कर्नाटकात शिरून विजापूरकरांच्या मुलखात संपगावला छापा घातला. पुढं सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडे आली.

आता दोन जाब शेजारीशेजारी ठेवा. पहिल्या जाबानं नेताजी शत्रूकडे गेला, दुसऱ्यानं प्रतापराव मरणाकडे. दोन्ही वेळा जाब विचारणारा आपला सगळ्यात मोठा नेता, आणि दोन्ही वेळा विचारायला कारण होतं. यावर मी निकाल देणार नाही. ज्याच्यावर राज्य उभं आहे त्याला जाब विचारावाच लागतो. पण शब्द कुठं जाऊन लागेल हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही, एवढं या दोन प्रसंगांत दिसतं. १६७४च्या जूनमध्ये राज्याभिषेक झाला, तेव्हा या दोघांपैकी कोणीही तिथं नव्हता.

आता आपल्या भागाकडे या. परभणीहून रेल्वेत बसलं की मानवत रोड, सेलू, परतूर आणि जालना. हे जालना त्या काळी श्रीमंत बाजारपेठ होतं. नोव्हेंबर १६७९मध्ये महाराजांनी जालन्यावर छापा घातला. साठ-बासष्ट किलोमीटरवर औरंगाबादेत खुद्द शहजादा मुअज्जम बसलेला! चार दिवस शहर लुटलं. इथं मात्र छाप्याचा सगळ्यात अवघड भाग सुरू झाला, तो म्हणजे परत जाणं. येताना घोडा मोकळा असतो, जाताना त्याच्यावर ओझं. वाटेत संगमनेरजवळ मोगल फौजेनं गाठलं. रणमस्तखान त्यात होता. तीन दिवस झुंज झाली, सिधोजी निंबाळकर पडला, हंबीरराव जखमी झाला. शेवटी बहिर्जी या हेरानं आडवाटेनं, रात्रंदिवस चालवत, सगळ्यांना पट्टागडावर नेलं. तिथं महाराजांनी विश्रांती घेतली, म्हणून त्याचं नाव विश्रामगड. अकोले तालुक्यात आहे, जरूर जा. म्हणजे त्या मोहिमेत जे वाचलं ते वाट माहीत असणाऱ्या एका माणसामुळं.

जालन्याच्या लोकांच्या बाजूनंही एक गोष्ट शिल्लक आहे. तिथं जान मुहम्मद नावाचे संत होते. लोकांनी आपलं किडूकमिडूक त्यांच्या आश्रयाला ठेवलं आणि छाप्यात तिथंही हात पडला, म्हणून संतानं शाप दिला, आणि पाच महिन्यांत महाराज गेले, असं खाफीखान लिहितो. शापानं माणूस मरत नाही. पण ज्या गावावर छापा पडतो, त्या गावाची आठवण अशीच कुठंतरी राहते. आपण मराठवाड्याची माणसं. छापा घालणाऱ्यांचे वारस आणि छापा सोसणाऱ्यांचेही.

लुटीचं बोलल्याशिवाय मात्र हा विषय सुटत नाही. भाचा सांगतो, मामा, टीम हरल्यानं फुटत नाही, जिंकल्यावर फुटते. चाळीस जणांनी राक्षस मारायचा आणि हाती लागणार मोजक्या वस्तू. तलवार कोणाला? त्यासाठी ‘एव्हरक्वेस्ट’च्या खेळाडूंनीच एक हिशेब काढला. प्रत्येक मोहिमेला हजर राहिल्याचे गुण मिळवायचे आणि ते खर्चून वस्तू घ्यायची. कंपनीनं नाही, खेळणाऱ्यांनी हा नियम केला, आणि तो जगभर चालला. मला हे वाचून सभासदच आठवला.

सभासदानं लष्कराचे जे नियम दिलेत ते बघा. पावसाळ्यात फौज छावणीत. दसऱ्याला बाहेर पडायचं. निघताना लहानथोर प्रत्येकाच्या मालमत्तेची यादी करायची. आठ महिने परमुलखात पोट भरायचं. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण नाही, ठेवील त्याची गर्दन मारायची. बायकापोरं धरायची नाहीत, गाय धरायची नाही, बैल घ्यायचा तो ओझ्यापुरता. परत आल्यावर झाडा घ्यायचा, यादीशी ताडून पाहायचं. जास्त निघेल त्याची किंमत पगारात वळती. लपवील त्याला शिक्षा. म्हणजे माणसाला पगार आहे, लूट राज्याची. नियम शंभर टक्के पाळला गेला असं कोणी म्हणू नये, जालन्यात काय झालं ते आत्ताच ऐकलं. पण नियम होता, लिहिलेला होता, आणि निघण्याआधी सांगितलेला होता.

हाच धागा थेट आपल्या आजोबांपर्यंत येतो. १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, आपण नाही. परभणी निजामाच्या राज्यात. रझाकार गावांवर छापे घालत होते, तोही छापाच, हे विसरू नका. स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीपलीकडे कॅम्प उभारले. पैनगंगा ओलांडली की निजामाची हद्द संपे, पलीकडं वऱ्हाड, उमरखेड. तिथून यायचं, करोडगिरीचा नाका जाळायचा, दप्तर जाळायचं, आणि उजाडायच्या आत नदीपार. या लढ्यात पडलेले बहिर्जी शिंदे वापटीचे, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या वसमत भागातले. आज वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. त्यांच्या आईबापांनी हे नाव काय विचार करून ठेवलं असेल, मला नेहमी वाटतं.

जानेवारी १९४८मध्ये या मंडळींनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली. भर वस्तीतली बँक, रेल्वे स्टेशनचं गाव, आणि रक्कम लाखांच्या घरातली. विचार करा, ही विशीतली पोरं. कोणी शाळा सोडलेली, कोणाच्या घरात दोन वेळचं अन्न नाही. रात्रीच्या अंधारात नोटांची ओझी घेऊन ती चालली आहेत. एकानं एक पुडकं सदऱ्यात घातलं असतं तर कोणाला कळलं असतं? पैसा कॅम्पवर पोहोचला, त्यावर कॅम्प चालले, आणि त्याचा हिशेब ठेवला गेला. हिशेब! लुटीचा! डाका आणि छापा यांत फरक काय, असं मला कोणी विचारलं तर मी उमरीची वही दाखवतो. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ला निजाम शरण आला. आपण दरवर्षी झेंडावंदन करतो, त्यात या वहीची आठवण फार कमी जण काढतात.

वेळ होत आली, ग्रंथपाल घड्याळ दाखवतायत. नेताजीचं मात्र राहिलं.

तो काबूलकडे नऊ-दहा वर्षं होता. पुढं त्याला पुन्हा दक्षिणेत आणलं, आणि तिथून तो सुटून महाराजांकडे आला. १६७६ साल. ज्यानं काढून टाकलं त्याच्याच दारात, दुसरं नाव, दुसरा धर्म घेऊन. सरनोबती तेव्हा हंबीररावांकडे होती, ती काही नेताजीला परत मिळाली नाही. पण १६७६च्या जूनमध्ये त्याचं शुद्धीकरण झालं, त्याला घरात घेतलं गेलं. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्या दोघांमध्ये पहिल्या भेटीत काय बोलणं झालं असेल, कोण आधी बोललं असेल, त्यावर मी कितीदा विचार केलाय.

भाच्याला मी एवढंच सांगितलं आणि झोपायला गेलो. सकाळी तो अंगणात फोनवर होता. ‘हां, जिंतूरला लाइट आहे का रे आता?’ असं काहीतरी विचारत होता. मी चहाला हाक मारली नाही.

चला, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मागच्या रांगेतल्या त्या मुलानं मघापासून हात वर केलाय, आधी त्याला माइक द्या.